पाइप एकाच जागी गळतोय, मग सगळी लाइन का बदलायची?

पावसाळा सरला की सोसायट्यांच्या बैठकांत दोन विषय हमखास निघतात. एक गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि दुसरा पाइपलाइन. १९९० च्या दशकात पुण्यात, ठाण्यात, नाशकात उभ्या राहिलेल्या इमारती आता तिशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या भिंतीतले पाइपही तितक्याच वयाचे आहेत. बैठकीत एक जण म्हणतो सगळं बदलून टाका, दुसरा म्हणतो गळतंय तेवढंच दुरुस्त करा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, पण कधी कुणाचं ऐकायचं हे कुणी नीट सांगत नाही.

आमच्याकडे हा विषय खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे आला. संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली. ‘‘अगं, जरा खाली येऊन बघ, आमच्या बाथरूमच्या छताला काय झालंय ते.’’ पांढऱ्या रंगावर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग, रंगाच्या खपल्या सुटलेल्या आणि मधोमध लटकलेला एक थेंब. दुसऱ्या दिवशी प्लंबरदादा आले, वर आमच्या बाथरूमची भिंत ठोकून बघितली आणि म्हणाले, ‘‘ताई, इथं फोडून जोड मारून देतो. पण लाइन जुनी आहे. दोन महिन्यांनी परत बोलवाल.’’

मला तेव्हा वाटलं, काम वाढवायला बघतायत. भिंतीतून काढलेला तुकडा हातात घेतल्यावर माझं मत बदललं. त्या तुकड्याकडे मी पुढे येतेच.

घरात पाइपांची दोन कुळं असतात

पहिलं कूळ पुरवठ्याचं. गच्चीवरच्या टाकीतून उभा खाली येणारा जाड पाइप, ज्याला प्लंबर ‘डाउनटेक’ म्हणतात, आणि त्याला फुटलेल्या फांद्या, म्हणजे आपल्या नळांपर्यंत येणाऱ्या लाइनी. दुसरं कूळ सांडपाण्याचं: नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, बेसिनखालचा पाइप, संडासाची लाइन.

पुरवठ्याचा पाइप म्हणजे हवा भरलेली सायकलची ट्यूब. नळ बंद असला तरी आत दाब असतोच, रात्रंदिवस. सांडपाण्याचा पाइप म्हणजे कौलांखालची पन्हळ. पाणी आलं तर वाहणार, एरवी रिकामी. गळती ओळखण्याची बहुतेक सगळी युक्ती या एका फरकावर उभी आहे.

दाब किती? टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून १० मीटर उंच असेल तर नळावर साधारण १ बार, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब पडतो. सात मजली इमारतीत तळमजल्याच्या नळावर २ बारच्या आसपास दाब असतो आणि सर्वांत वरच्या मजल्यावर जेमतेम पाव. म्हणून वरच्यांची तक्रार ‘पाणी बारीक येतं’ ही, आणि खालच्यांची ‘कॉक टिकत नाहीत’ ही. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, पाण्याची उंची.

भिंत फोडण्याआधी गळती ओळखा

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीच्या जागी हातोडा पडणं. पाणी फुटल्या जागी दिसत नाही. ते कोब्यातून, फरशीखालून उताराच्या दिशेनं सरकतं आणि स्लॅबला जिथं बारीक भेग मिळेल तिथं खाली उतरतं. डाग आणि गळती यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर सहज असू शकतं.

आधी तीन प्रश्न विचारा. ओल बारा महिने, चोवीस तास तशीच राहते का? मग संशय पुरवठ्याच्या लाइनवर घ्या, कारण दाब सतत तिथंच असतो. सकाळच्या आंघोळी झाल्या की वाढते आणि घरातले गावाला गेले की सुकते का? मग नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसात दिसते का? मग पाइपांना हात लावू नका, बाहेरची भिंत किंवा गच्ची बघा.

त्यानंतर खात्री. पुरवठ्यासाठी: घरातले सगळे नळ, फ्लशच्या टाकीचा कॉकसुद्धा, बंद करा आणि मीटर असेल तर त्याचा आकडा लिहून तासाभरानं पुन्हा बघा. काही वापर नसताना आकडा सरकला तर पाणी कुठंतरी जातंय. मीटर नसेल तर बाथरूमच्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवून बादलीनं काम भागवा आणि खालचा थेंब थांबतो का पाहा. सांडपाण्यासाठी: नहाणी ट्रॅपमध्ये फडक्याचा घट्ट बोळा बसवून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा. खाली ओल वाढली तर दोष फरशीत किंवा ट्रॅपच्या कडेला आहे. न वाढली तर बोळा काढून खायचा रंग घातलेलं पाणी ट्रॅपमध्ये सोडा. खाली रंगीत पाणी उतरलं तर पाइपच गळतोय.

आम्ही आमच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंकडचा थेंब थांबला. म्हणजे गळती पुरवठ्याच्या लाइनमध्येच होती. तेव्हा कुठं भिंतीला छिन्नी लागली.

लोखंडी पाइप आतून कसा जातो

जुन्या इमारतींतले पाइप बहुतेक जीआय असतात. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. हा मुलामा नुसत्या रंगासारखा वरून झाकत नाही. पाण्याच्या संपर्कात जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि जोवर ते शिल्लक आहे तोवर लोखंडाला गंज चढू देत नाही. घरात एखादं मोठं माणूस सगळ्यांची आजारपणं अंगावर घेतं, तसं. पण जस्ताची जाडी ठरलेली असते. ते संपलं की पाण्याची गाठ थेट लोखंडाशी पडते.

आता तो भिंतीतला तुकडा. बाहेरून बरा दिसत होता, थोडा काळपट. आत बघितलं तर तपकिरी-काळ्या गुठळ्या, जणू पातेल्याच्या तळाला लागलेली खीर. अर्धा इंची मध्यम जाडीच्या पाइपला आत जवळपास १६ मिलिमीटर वाट असते. याच्यात माझी करंगळीसुद्धा शिरेना, पेन्सिल मात्र गेली. वाट निम्म्यावर आली की पाणी निम्मं येत नाही. आतलं क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि खडबडीत कडांशी घासून प्रवाह त्याहूनही मंदावतो. वर्षभर आम्ही शॉवर बदलत होतो, नळाची जाळी धूत होतो. दोष शॉवरचा नव्हताच.

फुटला कुठं? जोडावर. जवळजवळ नेहमी तिथंच फुटतो, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. लोखंडी पाइप एकमेकांना जोडायचे तर टोकांना आटे पाडावे लागतात. मध्यम प्रतीच्या अर्धा इंची पाइपची जाडी २.६ मिलिमीटर. आट्यांची खोली सुमारे १.१६ मिलिमीटर. म्हणजे आट्याच्या खाचेत उरलं जेमतेम १.४. शिवाय आटे पाडताना तिथलं जस्त कापून निघून गेलेलं असतं. निम्मी जाडी आणि वर कवच नाही, अशी ती जागा पहिल्या दिवसापासून सगळ्यांत कच्ची. बाथरूममध्ये एका गीझरभोवतीच असे आठ-दहा जोड सहज असतात.

भर म्हणून काही ठिकाणी गीझरची तांब्याची नळी थेट जीआयला जोडलेली असते. तांबं आणि लोखंड पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड झपाट्यानं झिजतं. गीझरजवळची लाइन आधी का जाते, याचं हे एक मोठं कारण.

सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर दोन-चार सेकंद तांबूस पाणी येतं का? रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात उतरलेला तो गंज आहे. हा इशारा गळतीच्या बराच आधी मिळतो आणि आपण पाणी जरा वाहू देऊन तो विसरून जातो.

जोड मारून भागत नाही का?

कधी कधी भागतं, आणि तिथं सगळी लाइन बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आरसा लावताना ड्रिलनं प्लास्टिकच्या पाइपला भोक पडलं असेल, एखादाच जोड नीट चिकटवला नसेल, बाकी लाइन नवी असेल, तर तेवढा तुकडा कापून कपलरनं नवा बसवायचा. एक-दोन तासांचं काम.

जुन्या जीआयचं तसं नाही, कारण सगळे जोड एकाच वर्षी, एकाच पाण्यावर, एकाच वयाचे आहेत. पहिला जोड गळला म्हणजे तो एकटा खराब निघाला असं नसतं. रांगेत तो पुढे होता, इतकंच. दुसरी अडचण हातोड्याची. आटे असलेला पाइप मधूनच फिरवून काढता येत नाही. तो कापावा लागतो, भिंतीतच नवे आटे पाडावे लागतात, युनियन, म्हणजे पाइप न फिरवता दोन टोकं जोडणारं फिटिंग, बसवावं लागतं. पाइप-पान्यानं दिलेला प्रत्येक पीळ पुढच्या गंजलेल्या एल्बोपर्यंत, म्हणजे वळणावरच्या जोडापर्यंत, पोचतो. आज सुकी असलेली जागा त्या धक्क्यानं उद्या पाझरायला लागते. ‘दोन महिन्यांनी परत बोलवाल’ याचा अर्थ हा होता.

रात्री अचानक फुटलंच तर मात्र तात्पुरता इलाज करावाच लागतो. आधी व्हॉल्व्ह बंद. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो कुठं आहे आणि फिरतो का हे माहीत हवं. वर्षानुवर्षं न फिरवलेला गेट व्हॉल्व्ह ऐन वेळी हातात तुटून येतो, म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा तो उघड-बंद करून ठेवा. मग पाइप उघडा असेल तर कोरडा पुसून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून गुंडाळा आणि वर क्लँप आवळा. एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची पुटी वाहत्या पाण्यावर धरत नाही, पाणी थांबवून पाइप घासून कोरडा केला तरच धरते. हे सगळं प्लंबर येईपर्यंतचं. त्यावर गिलावा करून विसरून जाऊ नका.

नवी लाइन कशाची घ्यायची?

घरातल्या पुरवठ्यासाठी हल्ली बहुतेक जण सीपीव्हीसी घेतात. नेहमीच्या पीव्हीसीत क्लोरिनचं प्रमाण वाढवलं की ते जास्त उष्णता सोसतं, तेच सीपीव्हीसी. मलईसारख्या रंगाचा हा पाइप गरम पाण्याला चालतो. पांढरा यूपीव्हीसी स्वस्त, पण तो गार पाण्याचाच. गीझरच्या लाइनला यूपीव्हीसी लावणारा प्लंबर भेटला तर काम तिथंच थांबवा. हिरवा पीपीआर हा तिसरा प्रकार. त्याचे जोड तापवून एकमेकांत वितळवतात, छान एकजीव होतात, पण त्यासाठी यंत्र आणि सरावलेला हात दोन्ही लागतं.

सीपीव्हीसीचा जोड म्हणजे फेव्हिकॉलनं कागद चिकटवल्यासारखं काम नाही. त्यावर लावतात ते सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही पृष्ठभाग क्षणभर मऊ करतं आणि ते एकमेकांत मिसळून घट्ट होतात. म्हणून पाइप काटकोनात कापणं, कडेचा भुसा काढणं, कोरडा पुसणं, सिमेंट लावून पाव फेरा देत पूर्ण आत ढकलणं आणि अर्धा मिनिट दाबून धरणं, यातलं काहीच गाळून चालत नाही. हात लगेच काढला तर पाइप किंचित मागे सरकतो आणि जोड वरून ठीक, आतून अर्धवट राहतो. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सिमेंट हवं. मापंही वेगळी असतात: अर्धा इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास साधारण १५.९ मिलिमीटर, तर जीआयचा २१.३. नाव ‘अर्धा इंच’ असलं तरी एकाचं फिटिंग दुसऱ्याला बसत नाही.

नळ, अँगल कॉक, गीझर अशा धातूच्या वस्तूंशी गाठ पडते तिथं आत पितळेचे आटे असलेली फिटिंगच घ्या. निव्वळ प्लास्टिकच्या आट्यांत धातूचा नळ आवळला की आज ना उद्या तडा जातो. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा. गीझरला सीपीव्हीसी थेट भिडवू नका, मध्ये गरम पाण्याला चालणारा लवचीक कनेक्शन पाइप ठेवा.

‘प्लास्टिक ते प्लास्टिकच, लोखंडाची सर येईल का?’

हा आक्षेप आमच्या बैठकीत सगळ्यात मोठ्यानं आला, आणि मांडणारे काका आयुष्यभर कारखान्यात काम केलेले होते. त्यांचं एक म्हणणं अगदी बरोबर आहे: प्लास्टिकला लोखंडासारखा मार सोसत नाही. भिंतीत खिळा मारताना जीआय खिळ्याला परतवतो, सीपीव्हीसी नाही परतवत.

दुसरंही एक खरं आहे. गरम पाण्यानं प्लास्टिक जास्त लांबतं. तीन मीटरची सीपीव्हीसी लाइन ४० अंशांनी तापली तर जवळपास ८ मिलिमीटर वाढते. तितकंच लोखंड दीड मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून उघड्या लाइनला क्लँप असे लावायचे की पाइपला आधार मिळेल पण तो आवळला जाणार नाही. उन्हाचंही भान हवं. बाहेरच्या भिंतीवरचा पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो, त्याला पाण्यात मिसळायचा इमल्शन रंग द्या. ऑइल पेंट नको. तेलकट आणि सॉल्व्हंट असलेल्या काही गोष्टी, त्यात वाळवीची काही औषधंही आली, सीपीव्हीसीला आतून तडे पाडतात.

पण गंज त्याला चढत नाही, आणि आपल्या घरातलं मूळ दुखणं गंज हेच आहे. पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर पीव्हीसी पाइप बनवताना शिशाचा वापर होत असे. त्यावर मर्यादा आणणारे नियम केंद्र सरकारनं २०२१ मध्ये काढले. आपण पाहायचं ते एवढंच की पाइपवर आयएसआय चिन्ह आणि मानक क्रमांक छापलेला आहे का. सीपीव्हीसीसाठी तो आयएस १५७७८. छापील मजकूर नसलेला पाइप पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी भिंतीत घालू नका.

भिंत फोडायची की बाहेरून न्यायची?

माझं मत स्पष्ट आहे: जमेल तिथं बाहेरून. डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतून, किंवा भिंतीवरून नेलेली लाइन दिसायला डोळ्यांना खुपते, पण गळली तर त्याच दिवशी दिसते. भिंतीतली गळती आपल्याला कळेपर्यंत पाणी स्लॅबच्या सळयांपर्यंत पोचलेलं असतं. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून बाहेर येते. मग खर्च पाइपचा राहत नाही, इमारतीचा होतो. जुनी लाइन भिंतीतच दोन्ही टोकांना बंद करून सोडून दिली तरी चालते.

भिंतीत घालायचीच असेल तर चर विटांच्या भिंतीत मारा. कॉलम आणि बीमला छिन्नी लागता कामा नये, मग प्लंबर कितीही घाईत असू दे. फरशीखालून लाइन नेली तर तिथलं वॉटरप्रूफिंग तुटलेलं असतं, ते पुन्हा करण्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरा.

आणि गिलाव्यापूर्वी दाबाची चाचणी. यावर अजिबात तडजोड करू नका. जोड वाळायला दिवसभर द्यायचा, सगळी तोंडं बुचानं बंद करायची, हवा काढून लाइन पाण्यानं भरायची, हातपंपानं नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब द्यायचा आणि पंपावरच्या दाबमापकाचा काटा बघायचा. सुरुवातीला पाइप ताणला जाऊन काटा थोडा उतरतो, तेव्हा पुन्हा पंप मारायचा. त्यानंतर रात्रभर तो हलला नाही पाहिजे. आमचा काटा पहिल्या रात्री खाली आला होता. शोधल्यावर गीझरखालचा एक एल्बो पाझरताना सापडला, आणि तो उघड्यावर असल्यामुळे वीस मिनिटांत बदलून झाला. चर बुजवण्याआधी मोजपट्टी शेजारी धरून भिंतीचे फोटोही काढून ठेवा. पुढच्या वेळी ड्रिल मारणाऱ्याला ते दाखवता येतील.

खर्च कुणी करायचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, टाक्या, पंप आणि त्यांच्यामुळे होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक यांच्या गळतीचा खर्च संबंधित सदस्यांनी, संस्थेच्या मध्यस्थीनं करायचा. ‘मध्यस्थीनं’ हा शब्द महत्त्वाचा. वरचा दार उघडत नाही आणि खालच्याचं छत ठिबकतंय, अशा वेळी समितीनं ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून हात झटकायचे नसतात.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्याला आपली गळती दिसत नाही, ती खालच्याच्या डोक्यावर पडते. १० मिनिटांत एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, एवढीच गळती धरली तरी दिवसाला जवळपास २९ लिटर होतात. वर्षाला साडेदहा हजार, म्हणजे एक मोठा टँकर. एप्रिल-मे मध्ये त्याच टँकरसाठी आपण वर्गणी काढतो.

बंगला, वाडा किंवा गावातलं घर असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवं. रस्त्यातल्या नळापासून घरापर्यंत येणारा पाइप पुष्कळदा गटाराला लागून जातो. पाणी दिवसातून तास-दोन तासच येत असेल, तर ते बंद झाल्यावर पाइपात उलटी ओढ तयार होते आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याच्या पहिल्या बादलीत तीच येते. हा पाइप गळत असेल तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलण्यासारखी नसते.

छत कधी रंगवायचं?

लगेच नाही. गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला काही आठवडे लागतात. वरून पुटी आणि रंग मारला की ओल आत कोंडते आणि रंग पुन्हा फुगतो. मग लोकांना वाटतं पाइप परत गळतोय, आणि बिचाऱ्या प्लंबरला बोल लागतो.

काकूंच्या छतावर प्लंबरदादांनी स्टुलावर चढून डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दर रविवारी काकू वर बघतात. पहिल्या आठवड्यात ओलीची कड रेघेवरच होती, तिसऱ्यात ती चार बोटं आत सरकली. आता मधे तळहाताएवढा गारवा उरलाय. तोही गेला की रंगाऱ्याला बोलवायचं ठरलंय.